दुसऱ्याने लिहिलेल्या ओळी

बेळगावात कोणाच्याही घरी जा, पाच मिनिटांत विचारपूस मुलांवर येते. "थोरला काय करतो?" "बंगळूरला कंपनीत आहे." "आणि धाकटी?" "ती पुण्याला, हिंजवडीत." एवढ्यावर प्रश्न मिटतो. पगाराचा अंदाज असतो, फ्लॅट कोठे घेतला ते ठाऊक असते, अमेरिकेची वारी झाली की नाही तेही कळते. पण हा मुलगा सकाळपासून रात्रीपर्यंत त्या काचेच्या इमारतीत बसून नेमके काय करतो, हे विचारणारा पाहुणा मला अजून भेटलेला नाही. उद्यमबागेतल्या फौंड्रीत काम करणारा साच्यात रस ओततो, कापडवाला कापड फाडतो, मास्तर शिकवतो. 'कंपनीतला' काय करतो? मीही कधी विचारले नव्हते. निवृत्त झाल्यावर, वेळच वेळ असताना, एकदा भाच्याला सहज विचारले. तो म्हणाला, "काय करणार मामा, दुसऱ्यानं लिहिलेलं वाचतोय की दिवसभर."

या उत्तराने मी चमकलो. कारण चौतीस वर्षे महाविद्यालयात साहित्य शिकवताना मीही दुसरे काही केले नव्हते. त्यानंतर भाच्याकडून आणि इकडून तिकडून या कामाविषयीची जी पुस्तके मिळाली ती वाचत गेलो. बहुतेक अमेरिकन आहेत, कारण हे काम आजच्या रूपात प्रथम तेथे उभे राहिले. त्या वाचनाचा हा हिशेब आहे. यंत्रातले मला फारसे कळत नाही. पण ही पुस्तके माणसांविषयी आहेत, आणि पुस्तक माणसाला कोठवर पोहोचते हे पाहणे एवढाच समीक्षेचा अधिकार असतो.

आरंभीच एक वाङ्मयीन अडचण सांगून टाकतो. हे काम दिसत नाही. मराठी साहित्याने कामाकडे पाठ फिरवली असे कोणी म्हणू नये. नारायण सुर्वे यांच्या कवितेत गिरणी आहे, उद्धव शेळके यांच्या 'धग'मध्ये (१९६०) कौतिकचे काबाडकष्ट आहेत, जयंत पवार यांच्या 'अधांतर'मध्ये १९८२ च्या संपाने उद्ध्वस्त झालेले घर आहे. भालचंद्र नेमाडे यांच्या चांगदेवाची प्राध्यापकी आहे आणि 'असा मी असामी'तला कारकूनही आहे. पण यांपैकी प्रत्येक कामाला एक दृश्य रूप आहे. भोंगा वाजतो, घाम येतो, खडूची धूळ उडते, फायलींचा ढीग वाढतो. सॉफ्टवेअर अभियंत्याचे काय दाखवायचे? एक माणूस खुर्चीवर बसून पडद्याकडे पाहत आहे. चार तासांनी पाहिले तर तो तेथेच बसलेला आहे. या चार तासांत त्याच्या मनात एखादी इमारत उभी राहून कोसळली असेल, पण बघणाऱ्याला त्याचा चहा गार झालेला दिसतो, एवढेच. या बसण्याला कथा कशी द्यायची, हा या विषयावर लिहिणाऱ्या प्रत्येक लेखकापुढचा पहिला प्रश्न आहे. त्याने तो कसा सोडवला यावर पुस्तकाचा कस ठरतो.

या कामाविषयीचे पहिले थोर पुस्तक साहित्यिकाचे नव्हे. फ्रेडरिक ब्रुक्स या अभियंत्याचे 'द मिथिकल मॅन-मंथ' १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले. १९६० च्या दशकात आय.बी.एम. या बलाढ्य कंपनीने 'सिस्टिम ३६०' ही संगणकांची मालिका काढली. तिच्या मुळाशी असलेल्या 'ओ.एस. ३६०' या अवाढव्य आज्ञावलीच्या घडणीची जबाबदारी ब्रुक्सवर होती. काम लांबले, खर्च वाढला. पुढे अध्यापक झालेल्या ब्रुक्सने ते का लांबले याची कबुली लिहिली. मला या पुस्तकाचे मोल वाटते ते या कबुलीमुळे. व्यवस्थापनाची पुस्तके यशातून लिहिली जातात, म्हणून ती एकदा वाचून होतात. हे अपयशातून लिहिलेले आहे, म्हणून पन्नास वर्षे वाचले जात आहे.

त्याचा सिद्धान्त आता म्हणीसारखा झाला आहे: लांबलेल्या कामावर आणखी माणसे घातली की ते आणखी लांबते. लग्नघरात चार आचाऱ्यांच्या जागी ऐन वेळी चाळीस आणले, तर जेवण लवकर होणार नाही, पंगतच उठेल. नव्याला जुन्याने शिकवावे लागते, आणि प्रत्येकाने प्रत्येकाशी बोलावे लागते. दहा माणसांत अशा पंचेचाळीस जोड्या होतात, पन्नास माणसांत बाराशे पंचवीस. मोठ्या कंपनीतल्या अभियंत्याचा दिवस कोठे जातो याचे उत्तर या साध्या गणितात आहे. तो लिहिण्यात कमी जातो, या जोड्या सांभाळण्यात जास्त. बैठका, टिपणे, एकमेकांच्या कामावरचे शेरे, पुन्हा बैठका. ब्रुक्सने आणखी एक आकडा दिला आहे, तो मला सिद्धान्ताहून अधिक बोलका वाटला. एक चूक दुरुस्त करताना दुसरी नवी शिरण्याची शक्यता वीस ते पन्नास टक्के असते, असे तो सांगतो. म्हणजे हे काम चुका संपवण्याचे नाही, चुकांबरोबर राहण्याचे आहे. आणि हाच माणूस प्रोग्रॅमरची तुलना कवीशी करतो, कारण दोघांचेही साहित्य जवळपास शुद्ध विचारच असते. ही तुलना मला पुरती पटत नाही. कवीची ओळ चुकली तर वाचक पुढच्या कवितेकडे वळतो, येथे बँक बंद पडते.

यानंतर सहा वर्षांनी ट्रेसी किडर याचे 'द सोल ऑफ अ न्यू मशीन' आले (१९८१), आणि १९८२ चे पुलित्झर पारितोषिक त्याला मिळाले. किडर पत्रकार. मॅसॅच्युसेट्समधल्या डेटा जनरल या कंपनीच्या तळघरात काही तरुण अभियंते एक नवा संगणक बनवत होते, त्यांच्यामध्ये तो राहिला. यातला एक गट यंत्राचे सांगाडे जुळवतो, दुसरा 'मायक्रोकोड' लिहितो, म्हणजे यंत्राला त्याच्या अगदी आतल्या पातळीवर काय करायचे ते शिकवणाऱ्या सूक्ष्म आज्ञा. पहिल्यांना 'हार्डी बॉइज' म्हणत, दुसऱ्यांना 'मायक्रोकिड्स'. या मायक्रोकिड्सपैकी बरेच जण नुकते पदवी घेऊन आलेले. त्यांच्या डोक्यावर टॉम वेस्ट हा गूढ, अबोल वरिष्ठ.

मघाच्या अडचणीतून किडरने मार्ग काढला तो शर्यतीचा. डिजिटल इक्विपमेंट या प्रतिस्पर्धी कंपनीचा 'व्हॅक्स' बाजारात आला आहे, घरच्याच कंपनीत नॉर्थ कॅरोलायनातला दुसरा गट अधिक प्रतिष्ठेचा प्रकल्प करतो आहे, आणि तळघरातल्या या पोरांना दोघांच्याही पुढे जायचे आहे. बसून राहणाऱ्या माणसांना धावपटू बनवण्याची ही युक्ती आहे, आणि ती साधली आहे. एक प्रसंग तर कादंबरीकाराने हेवा करावा असा आहे. वेस्ट गुपचूप एका ठिकाणी जाऊन व्हॅक्स उघडून पाहतो, त्यातल्या पट्ट्या एकेक बाहेर काढून मोजतो, आणि त्या रचनेत त्याला ती बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकारपदांचा आराखडाच दिसू लागतो. यंत्रात संस्थेचा स्वभाव उतरतो, ही जाण किडरच्या पुस्तकाचा गाभा आहे. देवळाच्या शिखरावरून राजवंश ओळखणाऱ्यांच्या आपल्या प्रदेशात हे वेगळे समजावून सांगायला नको.

या पोरांकडून काम कसे करून घेतले जाते, हे किडर बारकाईने दाखवतो. कोणी हुकूम देत नाही. मुलाखतीतच काम किती कठीण आहे, घरदार कसे विसरावे लागेल हे सांगितले जाते, आणि तरुण स्वतः होकार देतो. त्याला त्यांच्या भाषेत 'सही करणे' म्हणत. एकदा सही केली की रात्रपाळी त्याची स्वतःची होते, जादा कामाचा पैसा मागायचा प्रश्नच उरत नाही. वरिष्ठ यालाच अळंबी वाढवण्याची पद्धत म्हणून हसतात: अंधारात ठेवा, खत घाला, वाढ पाहा. आणि बक्षीस काय? हा डाव जिंकलात तर पुढचा डाव खेळायला मिळेल. अब्जांश सेकंदांच्या हिशेबाला कंटाळून एक जण चिठ्ठी ठेवतो आणि व्हर्माँटमधल्या एका वसाहतीत ऋतूंच्या गतीने जगायला निघून जातो. हा प्रसंग किडर दोन-चार ओळींत उरकतो. मला वाटते, तेथे त्याने थांबायला हवे होते. गेलेल्या माणसाच्या मागे जाण्याइतके धैर्य या पुस्तकात नाही, कारण शर्यतीच्या कथेत मैदान सोडणाऱ्याला जागा नसते. एखाददुसरा अपवाद सोडला तर त्या तळघरात बाईही नाही, आणि बायका आहेत त्या घरी वाट पाहणाऱ्या.

तरीही शेवट किडरने प्रामाणिक केला आहे. १९८० मध्ये संगणक थाटामाटाने जाहीर होतो, विक्रेत्यांच्या हाती जातो, आणि ज्यांनी दीड-दोन वर्षे रात्री जागवल्या त्यांचे त्यावर काही उरत नाही. गट पांगतो. वेस्ट दुसरीकडे जातो. याच्या पुढचे किडरला त्या वेळी ठाऊक असणे शक्य नव्हते. डिजिटल कंपनी १९९८ मध्ये कॉम्पॅकने घेतली आणि डेटा जनरल १९९९ मध्ये इ.एम.सी.ने. ज्या शर्यतीसाठी त्या पोरांनी विशीतले दिवस ओतले, तिचे दोन्ही घोडे वीस वर्षांच्या आत मैदानातून नाहीसे झाले. राहिले ते पुस्तक.

जी. पास्कल झॅकरी याचे 'शोस्टॉपर!' (१९९४) किडरच्याच वाटेने जाते. फरक एवढाच, की येथे तळघर नाही, मायक्रोसॉफ्ट आहे, आणि घडते आहे ती 'विंडोज एन.टी.' ही प्रणाली. डिजिटलमध्ये आपला प्रकल्प रद्द झालेला पाहून १९८८ मध्ये आलेला डेव्हिड कटलर हा संतापी, कर्तबगार माणूस तिचा म्होरक्या, आणि प्रणाली बाहेर पडली १९९३ च्या जुलैत. 'शोस्टॉपर' म्हणजे अशी चूक, की ती असेपर्यंत माल बाहेर जाऊ शकत नाही. झॅकरीची भाषा किडरसारखी संयत नाही, व्यक्तिचित्रे एकामागून एक येऊन एकमेकांत मिसळतात, आणि कटलरच्या रागाचे त्याला जरा जास्तच कौतुक आहे. पण एक गोष्ट त्याने नेमकी पकडली. सगळ्यांनी लिहिलेले तुकडे रोज एकत्र जोडून पाहायचे, आणि जी अर्धीकच्ची प्रणाली तयार होईल तीच आपल्या टेबलावर रोजच्या कामाला वापरायची, असा तेथे दंडक होता. स्वयंपाक्याने आपल्याच हातचे आधी स्वतः जेवायचे, असा हा नियम. कोणाच्या तुकड्याने जोड मोडली ते सगळ्यांना कळते. मोठ्या कंपनीतल्या कामाची लाज आणि अभिमान या एका खोलीत एकत्र आहेत. मोडलेले संसारही झॅकरी नोंदवतो. मात्र ती नोंद राहते, अनुभव होत नाही.

याच मायक्रोसॉफ्टवरून डग्लस कूपलंडने कादंबरी केली, 'मायक्रोसर्फ्स' (१९९५). 'सर्फ' म्हणजे जमीनदाराचा कूळ. नाव मोठे अर्थपूर्ण आहे, पण कादंबरी त्या नावाला जागत नाही. बिल गेट्सकडून आलेल्या जळजळीत टपालाने दुखावलेला एक जण खोलीत कोंडून घेतो, आणि मित्र त्याला दाराखालच्या फटीतून सरकेल असे चपटे खाद्य पुरवतात. हा आरंभ विसरता येत नाही. पुढे मात्र विनोद, याद्या आणि वस्तूंची नावे यांच्या गर्दीत पात्रे काम काय करतात ते वाचकाला फारसे दिसत नाही. बसण्याच्या अडचणीवर कूपलंडचे उत्तर म्हणजे गप्पा. तरी या पुस्तकात दोन जागा खऱ्या आहेत. निवेदकाच्या वडिलांना आय.बी.एम.मधून कमी करतात, आणि आयुष्यभर त्या एका नावाखाली जगलेला माणूस मुलाच्या मित्रांमध्ये ओशाळवाणा वावरू लागतो. आणि अखेरीस, पक्षाघाताने वाचा गेलेली आई संगणकाच्या कळांवरून मुलांशी बोलते. सर्व थट्टा तेथे गळून पडते.

आता ज्या लेखिकेसाठी हा लेख लिहिण्याचे मनात आले तिच्याकडे वळतो. एलन उलमन स्वतः प्रोग्रॅमर. आधी काम केले, मग लिहिले. 'क्लोज टू द मशीन' (१९९७) हे तिचे आत्मपर लेखन, आणि 'द बग' (२००३) ही कादंबरी. ती ज्या कंपन्यांविषयी लिहिते त्या लहान आहेत, अवाढव्य नव्हेत, हे मान्य. पण आतले काम तेच आहे, आणि ते आतून कोणी दाखवले असेल तर तिने.

'क्लोज टू द मशीन'मध्ये ती सॅन फ्रान्सिस्कोत एड्सच्या रुग्णांसाठीच्या सेवांची एक प्रणाली तयार करते आहे. सोबतच्या दोघा प्रोग्रॅमरांबरोबर विचारांची एक तार जुळलेली आहे, बाहेरचे जग, दिवस, जेवण, रुग्णसुद्धा, सगळे विसरले गेले आहे. हा आनंद ती लपवत नाही. मग प्रत्यक्ष ती प्रणाली वापरणारी माणसे समोर येतात, आणि कागदावरची सुबक रचना त्यांच्या गरजांपुढे तोकडी ठरते. किडरच्या पुस्तकात संगणक कोण वापरणार हा प्रश्नच नव्हता. तो येथे पहिल्यांदा माणसाच्या तोंडाने येतो.

याच पुस्तकातला आणखी एक प्रसंग मी अनेकांना सांगितला आहे. एका छोट्या उद्योगाच्या मालकासाठी उलमन संगणकाची व्यवस्था लावते. त्याच्या कचेरीत वर्षानुवर्षे निष्ठेने काम करणारी एक बाई आहे, घरच्यासारखी. व्यवस्था सुरू होते, आणि मालक विचारतो, ही बाई दिवसभर कोणकोणत्या कळा दाबते ते पाहता येईल का? इतकी वर्षे ही शंका त्याच्या मनाला शिवली नव्हती. पाहता येते असे कळल्यावर पाहावेसे वाटले. येथे कोणी दुष्ट नाही, मालक नाही आणि लेखिका तर नाहीच. पण जे साधन आपण दिले त्याने एका माणसाच्या मनात काय पेरले, हे तिला दिसते आणि ते ती आपल्या नावावर लिहून घेते. गिरणीत कामगार आणि मालक अशा दोन बाजू असत. हा अभियंता कोणत्या बाजूला उभा आहे? पगार घेणारा आहे म्हणून कामगार म्हणावे, तर दुसऱ्यांच्या कामावर पाळत ठेवणारे यंत्र त्याच्याच हातचे. या पेचावर बोट ठेवणारे दुसरे पुस्तक मला मिळाले नाही.

'द बग' ही एका चुकीची कादंबरी आहे. साल १९८४. भाषाशास्त्राचे उच्च शिक्षण घेऊनही नोकरी न मिळालेली रॉबर्टा एका कंपनीत तपासनीस म्हणून लागते. तिला एक चूक सापडते. ती कधी दिसते, कधी दिसत नाही, आणि दाखवायला गेले की हटकून दडी मारते. ज्याच्या ओळींमध्ये ती असावी असा संशय आहे तो ईथन लेव्हिन आधी ती चूक मानतच नाही, मग तिच्या मागे लागतो, आणि ती त्याला पोखरत जाते. त्याचे घर मोडते, रात्री निसटतात, आणि अखेर तो स्वतःचा जीव घेतो.

एवढ्याने कथा भडक वाटेल, तशी ती नाही. उलमनने बसण्यालाच कथा केले आहे. ईथन पडद्यासमोर बसलेला असतो आणि आपण त्याच्या मनात असतो: ही अट खरी, म्हणून ती ओळ चालते, मग तिसरी का चालत नाही? माणसाचे मन एका रेषेत विचार करते आणि मध्येच थकते. यंत्र थकत नाही, क्षमाही करत नाही. या दोन गतींमधल्या ओढाताणीत माणूस कसा चिरडतो हे वाचताना आपलाही श्वास आखडतो. आणि रॉबर्टा? ज्या आज्ञावलीकडे ती आधी तुच्छतेने पाहत होती, ती वाचायला शिकते. तेथे पुन्हा भाषा भेटते, व्याकरण भेटते, लिहिणाऱ्याचा स्वभावही भेटतो. ईथनच्या ओळी वाचता वाचता ती त्याला ओळखू लागते, जिवंतपणी ओळखत होती त्याहून अधिक. ही कादंबरी निर्दोष नाही. ईथनच्या जोडीदारणीचे चित्र उथळ आहे, आणि त्याच्या दुर्दैवाची गाठ चुकीशी जुळवण्यासाठी योगायोग वाकवावे लागले आहेत. पण दुसऱ्याने लिहिलेले वाचणे हे जिवावरचे काम असू शकते, हे मला तिने पटवले. भाच्याच्या उत्तरातले 'वाचतोय' मला येथे कळले.

ॲना वीनर हिचे 'अनकॅनी व्हॅली' (२०२०) अलीकडे फार गाजले. भाषा देखणी आहे, कंपन्यांची नावे न घेता त्यांना ओळखवण्याची खुबी आहे. पण वीनर अभियंता नव्हती, ग्राहकांच्या तक्रारी सोडवत होती. अभियंते तिला काचेपलीकडून दिसतात, त्यांचा पगार, माज आणि बालिशपणा दिसतो, हात दिसत नाहीत. म्हणून ते पुस्तक या कामाविषयी कमी आणि त्याच्या शेजाराविषयी जास्त आहे.

आपल्याकडे काय आहे? अच्युत गोडबोले यांचे 'मुसाफिर' आहे. सोलापूरचा मुलगा आय.आय.टी.त जातो आणि पुढे सॉफ्टवेअर कंपन्यांच्या वरच्या पदांवर पोहोचतो, त्याचे हे मनमोकळे आत्मचरित्र अनेक घरांत वाचले गेले. पण ते शिडी चढून गेलेल्याचे आहे, पायरीवर उभ्या असलेल्याचे नव्हे. आपल्या कथा-कादंबऱ्यांत, निदान माझ्या वाचनातल्या, हा अभियंता बहुधा फोनवरचा आवाज असतो: म्हाताऱ्या आईवडिलांच्या कथेतला परदेशी मुलगा. त्याला दोष द्यायचा की दया दाखवायची एवढाच प्रश्न लेखकापुढे असतो. तो तिकडे दिवसभर काय करतो हे आईला ठाऊक नसते आणि लेखकालाही. याचे एक कारण आपल्या वाङ्मयीन सवयीत आहे. लिहायला बसताना आपण आपला धंदा चपलांसारखा उंबऱ्याबाहेर काढून ठेवतो. प्रकाश नारायण संत भूशास्त्राचे अध्यापक होते. त्यांनी लिहिले ते लंपनचे बालपण, आणि ते इतके अस्सल लिहिले की आम्हा बेळगावकरांना त्यांच्याकडे तक्रार करायला तोंड नाही. पण सगळ्यांनी बालपणच लिहावे काय?

आणि हे काम आपले नव्हते असे तर मुळीच नाही. वर्ष दोनच अंकांत लिहिण्याच्या जुन्या काटकसरीमुळे २००० साल उजाडताच संगणक ते १९०० समजतील, ही भीती १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात जगभर पसरली. तेव्हा अमेरिकन बँकांच्या आणि विमा कंपन्यांच्या जुन्या 'कोबोल' आज्ञावल्या ओळीने वाचून त्यांतल्या तारखा शोधण्याचे काम मोठ्या प्रमाणावर भारतीय कंपन्यांकडे आले. ज्यांनी त्या ओळी लिहिल्या त्यांतले कित्येक निवृत्त झाले होते, काही हयातही नसतील. आपली पोरे त्यांच्या ओळी वाचत होती. ३१ डिसेंबर १९९९ च्या रात्री जगभर अनेक जण पडद्यासमोर बसून राहिले, आणि फारसे काही घडले नाही. घडले नाही म्हणून लोक म्हणाले, उगाच बाऊ केला. ज्या कामाचे यश म्हणजे काहीही न घडणे, त्याची गोष्ट सांगायला केवढ्या ताकदीचा लेखक हवा! किडरला शर्यत मिळाली, झॅकरीला सेनापती. डागडुजी करणाऱ्याला काय मिळणार? विंडोज एन.टी.च्या पायावर आजही विंडोज उभी आहे. कटलरच्या माणसांनी रचलेला तो पाया आज कोणीतरी वाचतो आहे, डागतो आहे. त्या कोणाचे पुस्तक नाही.

मध्यंतरी या कामाची दुसरी बाजूही उघडी पडली. २०२२ च्या नोव्हेंबरात मेटाने अकरा हजारांहून अधिक, २०२३ च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टने दहा हजार आणि गूगलने सुमारे बारा हजार माणसे कमी करण्याचे जाहीर केले. काहींना तर सकाळी संगणक उघडेना तेव्हा नोकरी गेल्याचे कळले. आणि आता आज्ञावलीच्या ओळी यंत्रही लिहू लागले आहे. भाचा म्हणतो, लिहिणे कमी होत चालले, वाचणे वाढले. आधी दुसऱ्या माणसाने लिहिलेले वाचत होतो, आता कोणीच न लिहिलेले वाचतो.

गेल्या दिवाळीत तो घरी आला होता, पण त्याची 'पाळी' होती. म्हणजे आठवडाभर काही बिघडले तर रात्री-अपरात्री त्यानेच उठायचे. पाडव्याच्या पहाटे फोन वाजला. सोप्यात कंदिलाच्या उजेडात तो लॅपटॉप उघडून बसला, आणि मी पहिल्यांदाच त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो. पडद्यावर ओळींमागून ओळी सरकत होत्या. एका ठिकाणी तो थांबला. यंत्राने वाचायची नाही, फक्त माणसाने वाचायची अशी एक टीप कोणीतरी तेथे लिहून ठेवली होती. त्याने अर्थ सांगितला: हे येथे कशाला आहे ते मलाही कळलेले नाही, पण काढून पाहिले तर सगळे बंद पडते, तेव्हा काढू नका. तारीख तेरा वर्षांपूर्वीची. "हा कोण?" मी विचारले. "सोडून गेला असंल. नाव दिसतंय, पण माणूस कंपनीत न्हाई." आई आतून दोनदा हाक मारून गेली. दीड तासाने त्याला कारण सापडले. त्या जुन्या टिपेखाली त्याने आपली एक ओळ लिहिली, हे येथे कशाला आहे ते सांगणारी, आणि लॅपटॉप मिटून अभ्यंगाला उठला.